नेटवर्क ड्राइव्ह मॅपिंग

नेटवर्क ड्राइव्ह मॅपिंग म्हणजे संगणक-जाळ्यातील सर्व्हरवर असलेल्या एखाद्या सामायिक फोल्डरला वापरकर्त्याच्या संगणकावर ड्राइव्हचे अक्षर देणे होय. अक्षर दिल्यावर तो फोल्डर प्रत्यक्षात दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या शहरात असला, तरी वापरकर्त्याला आणि त्याच्या संगणकावरील प्रोग्रॅमना तो संगणकातील डिस्कसारखाच दिसतो. कार्यालये, बँका, महाविद्यालये, रुग्णालये आदी ठिकाणी ‘एफ ड्राइव्ह’, ‘एच ड्राइव्ह’ किंवा ‘झेड ड्राइव्ह’ या नावांनी जे ओळखले जाते, ते बहुधा अशा जोडणीचेच फलित असते.

ड्राइव्हचे अक्षर संगणकाला चिकटलेले असते, असा सर्वसाधारण समज आहे. सी किंवा डी या स्थानिक डिस्कांच्या बाबतीत तो बरोबर आहे. नेटवर्क ड्राइव्हच्या बाबतीत मात्र तो फसवा ठरतो. नेटवर्क ड्राइव्हचे अक्षर वापरकर्त्याच्या सत्राशी बांधलेले असते. नाव व पासवर्ड देऊन प्रवेश केल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या कालावधीस सत्र म्हणतात. सत्र संपले की त्या अक्षराचा अर्थही संपतो. जोडणीतील बहुतेक अडचणी, फाइली ‘नाहीशा’ झाल्याच्या तक्रारी आणि खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या हल्ल्यात होणारी मोठी हानी यांचे मूळ या एका गोष्टीत सापडते. म्हणून ड्राइव्ह जोडणी आणि सत्रांचे व्यवस्थापन या दोन विषयांचा विचार एकत्रच केला जातो.

## संकल्पना

नेटवर्क ड्राइव्हमागे तीन गोष्टी असतात : पत्ता, अक्षर आणि ओळख.

सामायिक फोल्डरचा पत्ता दोन तिरक्या रेघांनी सुरू होतो. त्यानंतर सर्व्हरचे नाव आणि मग सामायिक फोल्डरचे नाव येते. उदाहरणार्थ, एका शाळेतील सर्व्हरचे नाव ‘भांडार’ असेल आणि त्यावर ‘निकाल’ व ‘लेखा’ असे दोन सामायिक फोल्डर असतील, तर त्यांचे पत्ते \\भांडार\निकाल आणि \\भांडार\लेखा असे होतील. हा पत्ता जाळ्यातील सर्वांसाठी एकच असतो. अक्षर हे या पत्त्याचे वापरकर्त्यापुरते केलेले लघुरूप होय. पत्त्यावर पोहोचल्यावर आत जाता येईल की नाही, हे मात्र वापरकर्त्याची ओळख पटवून सर्व्हर ठरवतो.

याच शाळेत सकाळी लेखनिकाने प्रयोगशाळेतील एका संगणकावर स्वतःच्या नावाने प्रवेश केला, तर त्याला झेड या अक्षराखाली ‘लेखा’ फोल्डर दिसेल. दुपारी त्याच संगणकावर एका शिक्षिकेने प्रवेश केला, तर त्यांना झेडखाली ‘निकाल’ दिसेल. संगणक तोच आणि अक्षरही तेच. बदलले ते सत्र. ‘काल झेडमध्ये ठेवलेली फाइल आज दिसत नाही’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते की, काल प्रवेश केलेली व्यक्ती वेगळी होती.

## इतिहास

### अक्षरांचा उगम

डिस्कला एका अक्षराने ओळखण्याची पद्धत व्यक्तिगत संगणकाहून जुनी आहे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या सीपी/सीएमएस या प्रणालीत वापरकर्त्याच्या आभासी डिस्कांना अक्षरे दिली जात. १९७४ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी तयार केलेल्या सीपी/एम या परिचालन प्रणालीने ही पद्धत छोट्या संगणकांवर आणली. तिच्या वळणावर घडलेल्या डॉसमध्ये ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपी डिस्कसाठी राहिली. १९८३ मध्ये आयबीएम पीसी एक्सटी या संगणकासोबत हार्ड डिस्क आली व तिला सी हे अक्षर मिळाले. फ्लॉपी आज व्यवहारातून गेली, तरी संगणकाची मुख्य डिस्क सी याच अक्षरापासून सुरू होते, ती याच परंपरेमुळे.

### नेटवेअर

स्थानिक जाळ्यातील ड्राइव्ह जोडणी सर्वदूर पोहोचवली ती नोव्हेल या अमेरिकी कंपनीच्या नेटवेअर या प्रणालीने. १९८३ मध्ये आलेली ही प्रणाली १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत कार्यालयीन जाळ्यांमध्ये अग्रस्थानी होती. डॉस सामान्यतः ई या अक्षरापर्यंतची जागा स्वतःसाठी राखून ठेवत असे. त्यामुळे नेटवेअरचा पहिला नेटवर्क ड्राइव्ह एफ या अक्षरावर येई. अनेक कार्यालयांत सामायिक ड्राइव्हला एफ म्हणण्याची सवय पुढे प्रणाली बदलल्यावरही टिकून राहिली.

प्रवेश करण्यापूर्वी एफ ड्राइव्हवर केवळ लॉगिनचा प्रोग्रॅम असलेला फोल्डर दिसे. नाव व पासवर्ड स्वीकारले गेले, की लॉगिन स्क्रिप्ट, म्हणजे प्रवेशसमयी आपोआप पार पडणाऱ्या आज्ञांची यादी चालवली जाई. ‘मॅप’ ही तिच्यातील प्रमुख आज्ञा होती. वापरकर्ता कोणत्या गटाचा सदस्य आहे, आज कोणता वार आहे, तो कोणत्या संगणकावर बसला आहे, अशा अटींनुसार वेगवेगळे ड्राइव्ह जोडता येत. दिवसाच्या प्रहरानुसार वापरकर्त्याचे नाव घेऊन अभिवादन करण्याचीही सोय तीत होती. प्रोग्रॅम शोधण्यासाठी ‘सर्च ड्राइव्ह’ नावाचा वेगळा प्रकार होता. त्यांना झेडपासून उलट्या क्रमाने अक्षरे दिली जात. अशा रीतीने विदा एफपासून पुढे आणि प्रोग्रॅम झेडपासून मागे अशी अक्षरांची वाटणी होई.

नेटवेअरमधील एक जुनी अडचण उद्बोधक आहे. जोडलेल्या ड्राइव्हवर वापरकर्ता एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात गेला, तर त्या अक्षराची जोडणीच नव्या फोल्डरकडे वळे. त्यामुळे एखादा प्रोग्रॅम आपल्या फाइली चुकीच्या जागी शोधू लागे. ‘मॅप रूट’ या आज्ञेने नेमलेला फोल्डर हाच ड्राइव्हचा मूळ स्तर असल्याचे भासवून ही अडचण दूर करण्यात आली.

### एसएमबी आणि विंडोज

दुसरा प्रवाह आयबीएममध्ये सुरू झाला. तेथे बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी एसएमबी या फाइल-सामायिकीकरणाच्या संकेतप्रणालीची आखणी केली. मायक्रोसॉफ्टने ती आपल्या लॅन मॅनेजर या उत्पादनात आणि पुढे विंडोजच्या सर्व आवृत्त्यांमध्ये स्वीकारली. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी याच संकेतप्रणालीवर चालणाऱ्या, पुढे सांबा या नावाने प्रसिद्ध झालेल्या मुक्त सॉफ्टवेअरला प्रारंभ केला. त्यामुळे युनिक्स व लिनक्स सर्व्हरवरील फोल्डरही विंडोज संगणकांवर ड्राइव्ह म्हणून जोडता येऊ लागले.

विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत एका संगणकावरील अक्षरे सर्व सत्रांना सामायिक असत. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीपासून प्रत्येक प्रवेश-सत्राला ए ते झेड अशी स्वतंत्र अक्षरमाला मिळू लागली. एका सत्रात जोडलेला ड्राइव्ह त्याच संगणकावर चालू असलेल्या दुसऱ्या सत्राला दिसत नाही, हा आजचा नियम तेव्हापासूनचा आहे.

## कार्यपद्धती

एसएमबी पद्धतीत एखादा ड्राइव्ह जोडला जाताना पुढील पायऱ्या घडतात.

१. वापरकर्त्याचा संगणक सर्व्हरशी संपर्क साधतो. आधुनिक प्रणालींत यासाठी ४४५ क्रमांकाचे पोर्ट वापरले जाते.

२. दोन्ही संगणक एसएमबीची कोणती आवृत्ती वापरायची, हे आपसात ठरवतात.

३. वापरकर्त्याची ओळख पटवली जाते व सर्व्हर एक सत्र उघडून त्यास क्रमांक देतो.

४. त्या सत्राच्या आत एखाद्या सामायिक फोल्डरची जोडणी होते व तिलाही स्वतंत्र क्रमांक मिळतो.

५. जोडणीच्या आत फाइली उघडल्या, वाचल्या, लिहिल्या व बंद केल्या जातात. उघड्या फाइलींची नोंद सर्व्हर ठेवतो.

६. काम संपल्यावर याच्या उलट क्रमाने फाइली, जोडणी आणि सत्र मिटवले जाते.

यातील उतरंड ध्यानात घेण्याजोगी आहे. एका सत्रात अनेक जोडण्या आणि एका जोडणीत अनेक उघड्या फाइली असू शकतात. फाइल बंद केल्याने जोडणी तुटत नाही. सत्र तोडले तर मात्र त्यातील सर्व जोडण्या आणि सर्व उघड्या फाइली एकदम निकामी होतात. ड्राइव्हचे अक्षर या सहा पायऱ्यांत कोठेही येत नाही. ते केवळ वापरकर्त्याच्या संगणकाला ठाऊक असते. सर्व्हरला त्याची कल्पनाही नसते.

## परवानग्या

सामायिक फोल्डरवर दोन स्तरांवर परवानग्या असतात. पहिली परवानगी सामायिकीकरणाची आणि दुसरी प्रत्यक्ष फोल्डर व फाइलींची. जाळ्यावरून येणाऱ्या वापरकर्त्याला या दोहोंपैकी जी अधिक कडक असेल, ती लागू होते. सामायिकीकरणात ‘केवळ वाचन’ असेल, तर फाइलीवर पूर्ण अधिकार असूनही लिहिता येत नाही.

वापरकर्त्याचे अधिकार बहुधा गटांवरून ठरतात आणि गटांची यादी प्रवेशाच्या वेळी तयार होते. त्यामुळे प्रशासकाने एखाद्या व्यक्तीचा समावेश नव्या गटात केला, तरी चालू सत्राला त्याचा लाभ होत नाही. एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा लागतो. याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. एखाद्या व्यक्तीला गटातून काढले, तरी तिचे जुने सत्र चालू असेपर्यंत तिला पूर्वीचे अधिकार वापरता येऊ शकतात. म्हणून नोकरी सोडणाऱ्या किंवा बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे खाते बंद करताना त्याची चालू सत्रेही तोडणे आवश्यक ठरते.

## जोडणीचे मार्ग

### हाताने केलेली जोडणी

विंडोजमध्ये फाइल एक्स्प्लोररमधून अक्षर व पत्ता निवडून ड्राइव्ह जोडता येतो. आज्ञेच्या स्वरूपात हेच काम ‘नेट यूज’ या आज्ञेने होते. तिच्यापुढे काहीही न लिहिल्यास चालू जोडण्यांची यादी दिसते. अक्षर व पत्ता लिहिल्यास नवी जोडणी होते. आणि ‘डिलीट’ हा पर्याय दिल्यास जोडणी मिटते. जोडणी मिटल्याने सर्व्हरवरील फाइलींना धक्का लागत नाही.

जोडणी कायम ठेवण्याचा पर्याय निवडल्यास तिची नोंद वापरकर्त्याच्या व्यक्तिगत विभागात होते व पुढील प्रवेशाच्या वेळी ती पुन्हा प्रस्थापित केली जाते. ‘कायम’ या शब्दाचा अर्थ येथे ‘दर सत्राला नव्याने’ असा आहे.

### लॉगिन स्क्रिप्ट

वापरकर्त्यांची संख्या वाढल्यावर हे काम स्क्रिप्टवर सोपवले जाते. नीट लिहिलेली स्क्रिप्ट आधी जुनी जोडणी मिटवते व मग नवी करते. कारण अक्षर आधीच वापरात असेल, तर नवी जोडणी नाकारली जाते आणि वापरकर्ता नकळत जुन्याच फोल्डरवर काम करीत राहतो. सर्व्हर बदलल्यानंतर काही जणांच्या फाइली जुन्या सर्व्हरवर साठत राहण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

### ग्रुप पॉलिसी

विंडोज सर्व्हर २००८ पासून ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेस या सुविधेत ड्राइव्ह जोडणीचा स्वतंत्र विभाग उपलब्ध झाला. त्यात निर्माण करणे, बदलून टाकणे, अद्ययावत करणे व काढून टाकणे अशा चार क्रिया असतात. ‘लेखा विभागाचे सदस्य असल्यास’ किंवा ‘विशिष्ट शाखेतील संगणक असल्यास’ अशा अटी स्क्रिप्ट न लिहिता घालता येतात. बदलून टाकण्याच्या क्रियेत जोडणी आधी मिटवून पुन्हा केली जाते. त्यामुळे काम चालू असताना ती घडल्यास उघड्या फाइलींत व्यत्यय येऊ शकतो. नेहमीच्या वापरासाठी अद्ययावत करण्याची क्रिया अधिक सौम्य समजली जाते.

## सत्रांचे व्यवस्थापन

### निष्क्रिय सत्रे

प्रत्येक सत्र सर्व्हरच्या स्मृतीतील काही जागा व्यापते. संगणक अचानक बंद पडला, तर सर्व्हरला ते आपोआप कळत नाही. नेटवेअरमध्ये यासाठी पहारेकऱ्याची योजना होती. एखाद्या संगणकाकडून सुमारे ५ मिनिटे काही हालचाल झाली नाही, तर सर्व्हर विचारणा करणारा संदेश पाठवी. उत्तर न आल्यास साधारण एकेक मिनिटाने आणखी १० संदेश जात आणि त्यानंतर सत्र मिटवले जाई.

विंडोज सर्व्हर निष्क्रिय सत्र सामान्यतः १५ मिनिटांनी तोडतो. त्यानंतर वापरकर्त्याच्या संगणकावर ड्राइव्हच्या चित्रावर तांबडी फुली दिसू शकते. ही फुली पाहून पुष्कळ जण घाबरतात. परंतु ड्राइव्ह उघडताच सत्र पुन्हा प्रस्थापित होते व फुली नाहीशी होते. ज्या सत्रात फाइल उघडी आहे, ते या नियमानुसार निष्क्रिय मानले जात नाही.

### सत्र तोडणे

सर्व्हरवर कोणाची सत्रे चालू आहेत, ती किती वेळ निष्क्रिय आहेत आणि कोणत्या फाइली उघड्या आहेत, हे प्रशासकाला ‘नेट सेशन’ व ‘ओपनफाइल्स’ या आज्ञांनी अथवा संगणक-व्यवस्थापनाच्या खिडकीतील सामायिक फोल्डर या विभागात पाहता येते. तेथूनच एखादी फाइल किंवा संपूर्ण सत्र बंदही करता येते.

हा अधिकार जपून वापरावा लागतो. वापरकर्त्याने फाइलीत केलेले व अद्याप न साठवलेले बदल सत्र तोडताच धोक्यात येतात. डीबेस, फॉक्सप्रो, ॲक्सेस अशा ज्या विदासंचांत अनेक जण एकच फाइल सामायिकपणे उघडतात, तेथे लेखन अर्धवट राहून फाइल किंवा तिची सूची बिघडू शकते. त्यामुळे आधी संबंधितांना सूचना द्यावी, मग केवळ अडकलेली फाइल बंद करावी आणि अगदीच इलाज नसेल, तर संपूर्ण सत्र तोडावे, असा क्रम पाळला जातो.

### मर्यादा

एका वापरकर्त्याला एकाच वेळी किती ठिकाणी प्रवेश करता येईल, यावर नेटवेअरमध्ये थेट मर्यादा घालता येत असे. प्रवेशाच्या वेळाही अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटींत आखून देता येत. विंडोज जाळ्यात वेळेचे बंधन आहे. परंतु एकाच वेळी होणाऱ्या प्रवेशांच्या संख्येवर तसे सरळ बंधन नाही. सर्व्हर नसलेल्या विंडोज संगणकावरील फोल्डर सामायिक केल्यास त्यावर एकाच वेळी किती संगणक जोडता येतील, यालाही सीमा आहे. विंडोज एक्सपी प्रोफेशनलसाठी ही सीमा १० होती. विंडोज १० साठी ती २० आहे. छोट्या कार्यालयांत ‘कधी जोडले जाते, कधी नाही’ असे घडण्यामागे ही मर्यादा असू शकते.

### दूरस्थ सत्रे

रिमोट डेस्कटॉपच्या पद्धतीत वापरकर्त्याचे संपूर्ण सत्रच सर्व्हरवर चालते. येथे ‘संपर्क तोडणे’ आणि ‘बाहेर पडणे’ यांतील फरक महत्त्वाचा आहे. खिडकी केवळ बंद केली, तर संपर्क तुटतो, पण सत्र, त्यातील प्रोग्रॅम व ड्राइव्ह सर्व्हरवर तसेच चालू राहतात. दुसऱ्या दिवशी ‘फाइल दुसऱ्या कोणाकडे उघडी आहे’ असा संदेश आला आणि ती ‘दुसरी’ व्यक्ती स्वतः वापरकर्ताच निघाली, तर असे विसरलेले सत्र हे त्याचे कारण असते. बाहेर पडल्यावरच सत्र खऱ्या अर्थाने संपते.

## नेहमीच्या अडचणी

त्रुटी ५३ : नेटवर्कवरील पत्ता सापडत नाही. सर्व्हरचे नाव चुकले आहे, सर्व्हर बंद आहे किंवा मार्गात अडथळा आहे, असा याचा अर्थ होतो. सर्व्हर सापडला, पण त्या नावाचा सामायिक फोल्डर त्यावर नसेल, तर त्रुटी ६७ येते.

त्रुटी ५ : प्रवेश नाकारला. पत्ता बरोबर आहे, परवानगी नाही. पहिल्या प्रकारात तारा, नाव व पत्ता तपासावा लागतो; दुसऱ्यात गट व अधिकार. या दोन त्रुटींतील फरक ओळखला, तर निम्मा शोध वाचतो.

त्रुटी ८५ : मागितलेले अक्षर आधीच वापरात आहे. पेन ड्राइव्ह किंवा कार्ड-रीडर जोडल्यावर त्याने एफ किंवा जी हे अक्षर व्यापल्यानेही नेटवर्क ड्राइव्हची अडचण होऊ शकते. म्हणून नेटवर्क ड्राइव्हसाठी अक्षरमालेच्या शेवटची अक्षरे निवडण्याचा प्रघात आहे.

त्रुटी १२१९ : एकाच सत्रातून एकाच सर्व्हरशी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडणी करता येत नाही. आधीची जोडणी वापरकर्त्याच्या लक्षात नसते आणि दिलेला पासवर्ड बरोबर असूनही तो नाकारला गेल्यासारखे वाटते. जुन्या जोडण्या मिटवल्या, की ही अडचण सुटते.

प्रशासकीय खिडकीत ड्राइव्ह न दिसणे : विंडोज व्हिस्टापासून प्रशासकाने प्रवेश केल्यावर सामान्य आणि उच्चाधिकारी अशी दोन सत्रे तयार होतात. सामान्य सत्रात जोडलेला ड्राइव्ह उच्चाधिकारी सत्रात चालवलेल्या प्रोग्रॅमला दिसत नाही. एखादे सॉफ्टवेअर झेड ड्राइव्हवरून बसवताना ‘असा ड्राइव्हच नाही’ असा संदेश येतो, तो यामुळे.

आपोआप चालणाऱ्या कामांचे अपयश : रात्री प्रतिलिपी घेणारा प्रोग्रॅम दिवसा चाचणीत यशस्वी होतो आणि रात्री अयशस्वी ठरतो. चाचणीच्या वेळी वापरकर्त्याचे सत्र व त्याची अक्षरे उपलब्ध असतात; रात्री प्रोग्रॅम स्वतंत्र सत्रात चालतो आणि तेथे झेड नसतो. अशा कामांत अक्षराऐवजी पूर्ण पत्ता लिहावा, हा यावरील सर्वमान्य उपाय आहे. प्रतिलिपी होत नसल्याचे बऱ्याचदा ती परत आणण्याची वेळ आल्यावरच उघड होते. त्यामुळे वरकरणी किरकोळ वाटणारी ही चूक सर्वांत महाग पडू शकते.

प्रवेशानंतर लगेच ड्राइव्ह न मिळणे : संगणक वेगाने सुरू होतो, पण वायरलेस जाळे जोडले जाण्यास थोडा वेळ लागतो. या अंतरात जोडणीचा प्रयत्न झाला, तर तो फसतो. नेटवर्क तयार होईपर्यंत थांबण्याचे धोरण लागू केल्यास हा प्रश्न बराच कमी होतो.

## सुरक्षा

सत्र चालू असताना वापरकर्ता जे करू शकतो, ते त्याच्या सत्रात शिरलेला घातक प्रोग्रॅमही करू शकतो. सप्टेंबर २०१३ मध्ये पसरलेल्या क्रिप्टोलॉकर या खंडणीखोर सॉफ्टवेअरने ही गोष्ट जगासमोर आणली. ते संगणकाच्या डिस्कबरोबरच अक्षर दिलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरील फाइलीही कूटबद्ध करीत असे. एका कर्मचाऱ्याने उघडलेल्या एका ई-मेलमुळे संपूर्ण विभागाच्या फाइली निरुपयोगी होऊ शकत. अक्षरे न वापरता केवळ पत्त्यांवर काम केल्यास बचाव होईल, असा काहींचा कयास होता. तथापि २०१६ मध्ये आलेल्या लॉकी या प्रोग्रॅमने अक्षर न दिलेले सामायिक फोल्डरही शोधून काढले. अधिकार मर्यादित ठेवणे आणि सामान्य सत्रातून पोहोचता न येणारी प्रतिलिपी बाळगणे हेच दोन उपाय त्यामुळे भरवशाचे ठरतात.

१२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या वॉनाक्राय या प्रोग्रॅमने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधील अंमलबजावणीतील दोषाचा फायदा घेतला. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच उपलब्ध केली होती. ज्या संगणकांवर ती बसवली गेली नव्हती, ते बळी पडले. २७ जून २०१७ रोजी आलेल्या नॉटपेट्या या प्रोग्रॅमने आणखी एक मार्ग वापरला. त्याने संगणकाच्या स्मृतीतून चालू सत्रांची नावे व पासवर्ड उचलले आणि त्यांच्या आधारे शेजारच्या संगणकांत प्रवेश केला. त्यामुळे दुरुस्ती बसवलेले संगणकही सापडले. मर्स्क या जहाजवाहतूक समूहाला त्याचा मोठा फटका बसला व नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. प्रशासकाच्या खात्याने सामान्य संगणकावर सत्र उघडे ठेवू नये, या नियमाचे महत्त्व या घटनेने अधोरेखित केले.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवणे हा आणखी एक धोका होय. ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमध्ये ड्राइव्ह जोडणीसोबत पासवर्ड साठवण्याची सोय होती. तो कूटबद्ध असला, तरी त्याची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झालेली होती आणि ती फाइल जाळ्यातील कोणत्याही वापरकर्त्याला वाचता येत असे. मे २०१४ मधील दुरुस्तीने ही सोय बंद केली. मात्र आधी साठवलेले पासवर्ड त्या दुरुस्तीने पुसले जात नाहीत, ते प्रशासकाला स्वतः शोधून काढावे लागतात.

एसएमबीच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०१२ पासून, सत्रातील देवाणघेवाण कूटबद्ध करण्याची सोय आहे. २०१७ च्या उत्तरार्धापासून विंडोज १० च्या नव्या स्थापनेत पहिली आवृत्ती अंतर्भूत नसते.

## इतर प्रणाली

युनिक्स व लिनक्स या प्रणालींत ड्राइव्हची अक्षरे नसतात. तेथे दूरचा फोल्डर स्थानिक फोल्डरांच्या वृक्षातच एखाद्या ठिकाणी ‘माउंट’ केला जातो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये विकसित केलेली एनएफएस ही त्यासाठीची प्रसिद्ध पद्धत होय. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत सर्व्हर सत्राची कोणतीही नोंद ठेवत नसे. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण असे. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी वापरकर्त्याचे काम जेथे थांबले तेथून पुढे चालू होई. त्याबदल्यात कोणती फाइल कोणाकडे उघडी आहे, हे सर्व्हरला सांगता येत नसे. १९८० च्या दशकातील एनएफएस आणि एसएमबी यांतील हा फरक सत्र ठेवण्याचे लाभ व तोटे समजून घेण्यासाठी संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत उपयोगी पडतो.

## सद्यस्थिती

अक्षरांची संख्या २६ पेक्षा अधिक होऊ शकत नाही, सर्व्हर बदलला की सर्व जोडण्या बदलाव्या लागतात आणि एकाच फोल्डरला दोन विभागांत दोन अक्षरे असल्यास संवादात गोंधळ होतो. या मर्यादांमुळे मोठ्या संस्थांत सर्व्हरच्या नावाऐवजी संस्थेच्या नावाने सुरू होणारे पत्ते देणारी डीएफएस ही व्यवस्था वापरली जाते. तिच्यात फोल्डर दुसऱ्या सर्व्हरवर हलवला, तरी वापरकर्त्याचा पत्ता तोच राहतो. फाइली मेघसेवांमध्ये ठेवून संगणकावर त्यांची प्रत अद्ययावत राखण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

असे असले, तरी अक्षरांचा वापर संपलेला नाही. अनेक जुने लेखा-प्रोग्रॅम पूर्ण पत्ता स्वीकारत नाहीत, त्यांना अक्षरच लागते. शिवाय सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ‘झेडमध्ये पाहा’ हे सोपे वाटते. मात्र फाइलीचे ठिकाण दुसऱ्यास कळवताना किंवा स्क्रिप्टमध्ये लिहिताना पूर्ण पत्ताच द्यावा, अशी शिफारस केली जाते. कारण एकाचा झेड हा दुसऱ्याचा झेड असेलच, याची खात्री नसते.

## हेही पाहा

- संगणक जाळे
- परिचालन प्रणाली
- नोव्हेल नेटवेअर
- सांबा
- खंडणीखोर सॉफ्टवेअर
- मेघ संगणन